वाकून चालायचं घर

नेमबाजी हा काही बघायचा खेळ नव्हे. कुस्ती बघावी, धावण्याची शर्यत बघावी, गेला बाजार रस्सीखेचसुद्धा बघावी. पण एक मुलगी जाडजूड जाकीट चढवून उभी आहे, उभी आहे, अजून उभीच आहे, आणि मग कुठेतरी 'फट्' झालं, यात बघणाऱ्यानं टाळी वाजवायची तरी कुठं? थोरलीच्या आत्यानं आयुष्यात एकदाच भाचीची स्पर्धा पाहिली आणि निम्म्यात तिचा डोळा लागला. घरी येऊन ती भावाला म्हणाली, "छान उभी राहते हो तुझी पोर."

आत्याचं काही चुकलं नव्हतं. उभं राहणं हेच थोरलीचं कसब होतं. लपंडावात ती कधी सापडायची नाही, कारण पडद्यामागं ती श्वाससुद्धा बेतानं घ्यायची. फोटो काढताना इतर पोरं चुळबुळ करायची, ही हूं की चूं करायची नाही. धाकटी बहीण तिला 'पुतळा' म्हणायची, आणि भांडण झालं की 'दगड'. शाळेच्या तळघरात नेमबाजीचा क्लब होता. तिथल्या सरांनी तिला एकदा बसची वाट बघत उभी असलेली पाहिली म्हणे, आणि दुसऱ्याच दिवशी वर्गात येऊन विचारलं, "ती न हलणारी मुलगी कुठाय?"

खेळ सांगायला सोपा आहे. एअर रायफल घ्यायची, समोर काळ्या वर्तुळात बारीक पांढरा ठिपका असतो, त्यावर नेम धरायचा आणि चाप दाबायचा. अडचण एवढीच की माणसाला काळीज असतं. छातीत ठोका पडला की नळी केसभर हलते, आणि तेवढ्यानं पदक दुसऱ्याच्या गळ्यात जातं. पण दोन ठोक्यांच्या मध्ये एक इवलीशी जागा असते. त्या जागेत बोट दाबायचं. आपल्याला घरातल्या दिव्याचं बटण अंधारात न चाचपडता सापडतं ना, तशी थोरलीला ती जागा सापडायची. ती सापडत सापडत पोरगी राष्ट्रीय संघात गेली, देशोदेशी फिरून आली, आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेसाठी तिचं नाव लागलं.

आणि नेमकी साथ आली.

सुरुवातीला कुणालाच काही वाटलं नाही. मग रस्ते बंद झाले, नेमबाजीच्या हॉलला कुलूप लागलं, आणि एक दिवस बातमी आली की ती मोठी स्पर्धा वर्षभर पुढं ढकलली. सरांनी फोन केला. "एक वर्ष जास्तीचं मिळालं समज. त्याचं सोनं करायचं," ते म्हणाले. थोरली म्हणाली, "हो सर." आत्या म्हणाली, "बरंच झालं बाई, तेवढीच तयारी." थोरली म्हणाली, "हो ना." ज्या दिवसासाठी तिनं वर्षानुवर्षं झोप, जेवण, मैत्रिणी, सगळं मापून घेतलं होतं, तो दिवस कुणीतरी भिंतीवरून उतरवून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवावा तसा उचलून ठेवला होता, आणि ती सगळ्यांना 'हो' म्हणत सुटली होती. भरीत भर, नेमबाजी संघटनेनं कळवलं की स्पर्धाच पुढं गेली तर निवडही पुन्हा होईल. म्हणजे लागलेलं नावसुद्धा आता कच्चंच.

रायफल घरी न्यायची परवानगी मिळाली आणि घराचं मैदान झालं. घर तिसऱ्या मजल्यावरचं. एका टोकाला आतली खोली, दुसऱ्या टोकाला बाहेरची, आणि मधे अरुंद पॅसेज, ज्यात स्वयंपाकघराचं आणि न्हाणीघराचं दार उघडतं. थोरली आतल्या खोलीत उभी राहायची आणि पॅसेजमधून थेट बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर घड्याळाखाली चिकटवलेल्या बटणाएवढ्या ठिपक्यावर नेम धरायची. छर्रा घालायचा नाही, नुसता चाप दाबायचा. 'टिक्' असा आवाज यायचा. याला कोरा सराव म्हणतात.

आता, रायफल रिकामी असली तरी माणसावर रोखायची नाही, हा या खेळातला पहिला धडा. पण घरातल्या माणसांना स्वयंपाकघरात तर जायचं असतं, न्हाणीघरात तर त्याहून घाईनं जायचं असतं. म्हणून बाबांनी नियम काढला: ताईचा सराव चालू असला की पॅसेजमधून वाकून जायचं, नजर जमिनीवर ठेवायची, तिच्याकडं बघायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही. "एकाग्रता मोडते तिची," बाबा दबक्या आवाजात सांगायचे. ते स्वतः चोरासारखे, चपला हातात घेऊन, ओणवे होऊन जायचे. धाकटी रांगत जायची आणि जाता जाता जीभ बाहेर काढायची. आई हातातलं भांडं पोटाशी धरून वाकायची. आत्याला हे फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "देवळात तरी इतकं वाकता का रे तुम्ही?"

घर सगळं त्या 'टिक्'च्या तालावर चालायचं. टिक् आलं की आई पुढची भाजी चिरायला घ्यायची. टिक् आलं की बाबा निश्चिंत मनानं मास्क लावून कामावर निघायचे. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि त्या दिवसांत त्यांचं सगळं काम एका मोठ्या रुग्णालयात होतं, ज्याचं शवागार तळघरात होतं. बाकी जग घरात बसलं होतं, पण रुग्णालयाच्या लिफ्टला बसून कसं चालेल? रोज संध्याकाळी बाबा घरी यायचे, दाराबाहेरच थांबायचे, कपडे बादलीत टाकायचे, आंघोळ करायचे आणि मगच कुणाशी बोलायचे. काय काय बघून यायचे ते सांगायचे नाहीत. फक्त कधीतरी जेवताना हात थांबायचा आणि म्हणायचे, "आज लिफ्ट सारखी खालीच जात होती." मग कुणी काही विचारायचं नाही.

पहिल्यांदा झालं ते एका साध्या सकाळी. थोरलीनं रायफल खांद्याला लावली, गाल टेकवला, ठिपका दिसला, बोट चापावर गेलं, आणि तिथंच राहिलं. दाबलं जाईना. तिनं रायफल खाली घेतली. यात लाजण्यासारखं काही नव्हतं, उलट सरांची शिकवणच होती की शंका आली की नळी खाली, पुन्हा श्वास, पुन्हा वर. चांगला नेमबाज खाली घ्यायला घाबरत नाही. थोरलीला तर स्वतःचं कौतुकच वाटलं. तिनं पुन्हा वर घेतली. पुन्हा खाली घेतली. त्या सकाळी ती वर-खाली करत राहिली आणि एकदाही टिक् झालं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. गुण कधी रोग झाला, ते तिला कळलंच नाही, आणि हा रोग फक्त या खेळातल्याच माणसाला होऊ शकतो.

त्या दोन ठोक्यांमधली जागाच नाहीशी झाली होती. नेम धरला की काळीज धाडधाड सुटायचं, एकात एक ठोके, मधे बोट ठेवायला फट नाही. आणि रायफल खाली ठेवली तरी ते थांबायचं नाही. जी पोरगी कधी हलायची नाही, तिच्या अंगात मुंग्या शिरल्या. ती चपलांचा कप्पा आवरायची, परत विस्कटून परत आवरायची. गॅसची शेगडी घासून घासून आईला नकोसं करायची. खिडकीशी जायची, रिकामा रस्ता बघायची, मागं फिरायची, पुन्हा जायची. जेवायला बसली की पाय हलत राहायचा आणि टेबलावरचं पाणी थरथरायचं. "पुतळ्याला पाय फुटले," धाकटी म्हणाली. थोरली तिच्यावर इतकी खेकसली की धाकटी रडकुंडीला आली. मग थोरली तिची माफी मागायला गेली आणि माफी अर्धी सोडून पुन्हा खिडकीशी गेली.

सांगायचं कुणाला आणि काय? बाबा रोज मरणाच्या दारातून लिफ्ट वर-खाली करून येतात. खालच्या मजल्यावरच्या काकांना नेलं ते परत आलेच नाहीत. आणि आपलं दुःख काय, तर बोट दाबता येत नाही. धड दुखत नाही, खुपत नाही. हातपाय शाबूत, दोन वेळचं जेवण, डोक्यावर छप्पर. तिला स्वतःचीच चीड यायची. लाज वाटायची. आणि लाज वाटली की काळीज आणखी धावायचं.

पण घर शांत झालं तर पकडली जाणार. टिक् नाही म्हणजे सराव नाही. पहिले काही दिवस तिनं वेळ मारून नेली, आज व्यायाम आहे, आज श्वासाचा सराव आहे. मग एका सकाळी खाटेवर बसल्या बसल्या तिच्या हातात बॉलपेन आलं, वरून दाबायचं. तिनं ते सहज दाबलं. टिक्. स्वयंपाकघरात आईचा चाकू पाटावर चालू लागला.

झालं. त्या दिवसापासून राष्ट्रीय संघातली नेमबाज रोज सकाळी जाकीट चढवायची, रायफल मांडीवर आडवी ठेवून खाटेवर बसायची आणि बॉलपेन वाजवायची. बेतानं, दोन आवाजांत खऱ्या सरावाएवढं अंतर सोडून. दार सताड उघडं असायचं, पण पॅसेजमधून जाणारा प्रत्येक जण जमिनीकडं बघत जायचा. नियमच होता. बाबा ओणवे होऊन जायचे, तिच्या एकाग्रतेला धक्का लागू नये म्हणून श्वास धरून. तिला त्यांच्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांचा शेंडा तेवढा दिसायचा. तेव्हा तिला पेन फेकून द्यावंसं वाटायचं. ती टिक् करायची.

आई मात्र हल्ली वाकत नव्हती. ताठ जायची, ताठ यायची, हातात चहाचा पेला. बाबांनी एकदा बाहेरच्या खोलीतून हातवारे करून दटावलं, "अगं, वाक ना!" आई म्हणाली, "कंबर धरलीय माझी." बाबांना ते पटलं. थोरलीनंही मनाला लावून घेतलं नाही. तिचं लक्ष थाऱ्यावर होतंच कुठं.

मधे सगळ्या खेळांच्या संघटनांनी मिळून खेळाडूंच्या मनासाठी म्हणून एक बैठक ठेवली, पडद्यावरची. समुपदेशक बाई होत्या, बोलायला मऊ. छोट्या छोट्या चौकोनांत सगळे नामांकित चेहरे. "कसं वाटतंय सगळ्यांना?" बाईंनी विचारलं. "मस्त, मॅडम!" वजन उचलणारा म्हणाला की वजनं मिळत नाहीत म्हणून तो बायकोला उचलतो, आणि आता तिनंच वजन कमी करायला घेतलंय. सगळे हसले. पोहणारी म्हणाली की ती गच्चीवर पालथी पडून हात मारते. पुन्हा हसले. बाई म्हणाल्या, "कुणाला काही जड जात असेल, तर बोलू या." तेव्हा सगळ्या चौकोनांत अशी शांतता पसरली की दोघांनी नेटवर्कला दोष दिला. थोरलीनं अंगठा वर करून दाखवला. त्याच हातात पेन होतं. शेवटी बाईंनी स्वतःचा नंबर दिला. बैठक संपल्यावर सरांनी गटावर लिहिलं, 'आपल्या मुलांना याची गरज नाही, आपली मुलं वाघ आहेत.' थोरलीनं त्याच्याखाली वाघाचं चित्र टाकलं.

मग निवड चाचणीची तारीख आली. प्रत्येकानं आपापल्या घरून, कॅमेऱ्यासमोर, खऱ्या छर्ऱ्यांनी खेळायचं. संघटना घरोघरी नेमाचे गुण मोजणारं यंत्र पाठवणार. कॅमेऱ्यासमोर पेन चालणार नव्हतं.

आता थोरलीला एकच आशा उरली, ती म्हणजे आजारी पडण्याची. साधा ताप! ती सकाळी उठली की पहिल्यांदा थर्मामीटर तोंडात धरायची. ताप म्हणजे कसा इज्जतीचा आजार. ताप आला म्हटलं की लोक हळहळतात, कुणी म्हणत नाही की मन घट्ट कर. अख्ख्या जगाला ताप येतोय, वाण्याला आला, शेजारच्या आजींना आला, मग आपल्यालाच काय धाड भरलीय? पारा जागचा हलायचा नाही. अंग ठणठणीत. दोनदा मोजून बघितलं, गरम पाणी पिऊन बघितलं. मग ती स्वतःवरच हसली आणि हसता हसता तिला रडू आलं.

चाचणीच्या आदल्या सकाळी तिनं सरांना फोन लावला. "सर, ताप आलाय."

"अरे बापरे," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा मऊ झाला की तिनं तो तसा कधी ऐकलाच नव्हता. "खोकला? दम लागतोय का? चाचणीचं डोक्यातून काढून टाक बघू. जीव आहे तर सगळं आहे. तू झोप. मी बघतो पुढचं."

तिनं फोन ठेवला आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा तिचे पाय हलायचे थांबले. ती खाटेवर आडवी झाली, छताकडं बघत. काळीज शांत होतं, दोन ठोक्यांत ऐसपैस जागा. हे इतकं सोपं होतं तर आधीच का नाही केलं, असं तिला वाटलं. खरंच भूक लागली. 'मी बघतो पुढचं' याचा अर्थ काय, हा विचार तिच्या डोक्याला शिवला नाही.

सर जबाबदार माणूस. त्यांनी आधी संघटनेला कळवलं आणि मग बाबांना फोन केला.

दारावरची घंटा भलत्याच वेळी वाजली. आईनं दार उघडलं तर बाबा जिन्यात चार पायऱ्या खाली उभे, मास्क डोळ्यांपर्यंत ओढलेला. "पुढं येऊ नकोस," ते ओरडले. "तिच्या खोलीत कुणी जाऊ नका. तिचं ताट वेगळं ठेवा."

"कुणाच्या?"

"थोरलीच्या! ताप आलाय ना तिला. सरांचा फोन आला. मला लगेच काम सोडायला लावून घरी पाठवलं, सगळ्यांनी असं मागं सरकून बघितलं माझ्याकडं..." बाबा पायरीवर बसले. "मीच आणला गं तो घरात. किती आंघोळी केल्या, किती कपडे उकळले, तरी आणलाच. उद्या तिची चाचणी. एवढ्या वर्षांचं केलेलं माझ्यापायी मातीत गेलं."

 आईनं मागं वळून पॅसेजच्या टोकाकडं बघितलं, आतल्या खोलीकडं, आणि नुसती बघत राहिली. धाकटी घाबरून ताईला सांगायला धावली, आणि सवयीनं, त्या घाईतसुद्धा, वाकून धावली.

सांगायची गरज नव्हती. थोरलीनं सगळं ऐकलं होतं. बाबांचा आवाज तिला आतपर्यंत चिरत आला होता. बाबांना रडताना तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं, त्यामुळं आधी तिला तो खोकलाच वाटला. गप्प राहिली तर चाचणी टळत होती, लाज झाकली जात होती, संघातली जागासुद्धा कदाचित राहिली असती, आजाऱ्याला पुन्हा संधी देतात. फक्त बाबा जन्मभर त्या पायरीवर बसून राहिले असते. ती उठली. पॅसेज संपता संपेना. ती दारात आली तेव्हा बाबा ओरडले, "आत जा! मास्क कुठाय तुझा?"

"बाबा, ताप नाहीये मला."

"सरांनी सांगितलं..."

"खोटं सांगितलं मी सरांना." तिनं मूठ उघडली. पेन होतं. ते हातात कधी आलं, तिलाही माहीत नव्हतं. "मला चाप दाबता येत नाहीये. स्पर्धा पुढं गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांत सुरू झालं. नेम धरला की काळीज फुटेल असं वाटतं. मी सराव करत नव्हते बाबा. हे वाजवत होते."

टिक्.

बाबांनी पेनाकडं बघितलं, मग तिच्याकडं. "म्हणजे... हे पेन?"

"हो."

"रोज?"

"हो."

"आणि मी रोज ओणवा होऊन..."

"हो, बाबा."

 बाबांचा चेहरा मास्कआड होता, पण कपाळावरची शीर ताठ झालेली दिसत होती. "अगं मग बोलायचं ना!" ते एकदम ओरडले. "आम्ही काय मेलो होतो का?"

"काय बोलायचं?" थोरलीही ओरडली. "तुम्ही रोज तिथून येता, जेवताना तुमचा घास हातातच राहतो, आणि मी काय सांगू, बोट हलत नाही माझं? लोकांना श्वास मिळेना आणि मला ठिपका दिसला की रडू येतं, हे सांगू? मला ताप आला असता तर बरं झालं असतं. रोज बघत होते मी, येतोय का. मला खरंच यावा असं वाटत होतं, बाबा!"

शेवटचं वाक्य बोलून ती स्वतःच घाबरली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. वरच्या मजल्यावरचं कुणाचं तरी दार किलकिलं झालं आणि पुन्हा मिटलं.

 बाबांनी मान वर केली. "ताप नाही ना पण?"

"नाही."

"नक्की?"

"सकाळपासून तीनदा बघितलाय."

"मग मी आत येऊ का?" बाबांनी विचारलं, आणि त्या प्रश्नासरशी थोरलीला असा हुंदका आला की ती दाराच्या चौकटीतच खाली बसली.

बाबांची आंघोळ झाली. चहा झाला. धाकटीनं ते पेन घेतलं आणि दाबून बघितलं, मग भिंतीवरच्या ठिपक्याकडं एक डोळा मिटून बघितलं. "बरोबर मधोमध लागलं," ती म्हणाली. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी तिच्या हातातून पेन घेऊन स्वतः एकदा वाजवलं. मान हलवली. "हुबेहूब," ते म्हणाले. "कुणालाच कळलं नाही."

आई कपबशा उचलत होती. थोरलीची नजर तिच्या पाठीवर गेली. वाकून, सरळ होऊन, पुन्हा वाकून आई सतरंजीवरून एकेक कप उचलत होती, आणि तिची कंबर मुळीच धरलेली नव्हती.

"आई," थोरली म्हणाली. "तुला माहीत होतं?"

आई थांबली. "एकदा भांडं निसटलं हातातून. ते धरताना वर बघितलं गेलं. तू खाटेवर बसली होतीस."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, ताठ चालत गेले की तुला कळेल मला कळलंय ते." आई पुन्हा कपांकडं वळली. "तू बघतच नव्हतीस. मग विचारायची माझी हिंमत होईना. म्हटलं, विचारलं आणि ते पेनही थांबलं तर?"

इतके दिवस आई तिच्या डोळ्यांसमोरून ताठ मानेनं जात होती, येत होती, चहाचा पेला घेऊन. जिचा सगळा खेळ समोरचं नीट बघण्याचा, तिला तेवढं दिसलं नव्हतं.

सरांना फोन करणं बाकी होतं. ते सगळ्यात कठीण गेलं. सगळं ऐकून घेतल्यावर सर आधी सरांसारखंच बोलले: झोप होते का नीट? दूध पितेस का? मन जरा घट्ट कर. मग त्यांचे शब्द संपले.  "संघटनेला मी खरं ते कळवतो," शेवटी ते म्हणाले. "पण उद्या जो खेळणार नाही, त्याची जागा दुसऱ्याला जाईल. ताप असता तर भांडलो असतो तुझ्यासाठी. यासाठी त्यांच्याकडं नियमच नाही."

"माहितीय, सर."

"ते मी लिहिलं होतं ना, वाघ वगैरे... चुकलं माझं." सर म्हणाले. "शंका आली की नळी खाली, हे मीच शिकवलं तुला. घेतलीस खाली. आता लगेच वर घेऊ नकोस. त्या बाईंना फोन कर. नंबर आहे का तुझ्याकडं?"

जागा गेली. दुसरी एक मुलगी संघात आली. थोरलीनं तिला फोन करून शुभेच्छा दिल्या, फोन ठेवला आणि उशीवर गुद्दे मारले. समुपदेशक बाईंनी जादूची कांडी फिरवली नाही. त्या ऐकायच्या, प्रश्न विचारायच्या, आणि कधी कधी थोरली त्यांच्यावरही चिडायची. चपलांचा कप्पा अजून आवरला जायचा, विस्कटला जायचा. पाय हलायचाच, पण आता कुणी त्याच्याकडं बघत नसल्याचं सोंग करायचं नाही. बाबा आपला पाय शेजारी आणून तोही हलवायचे, आणि टेबलावरचं पाणी आणखी हिंदकळायचं. रुग्णालयात काय बघितलं, तेही ते हल्ली थोडं थोडं सांगायला लागले होते. रायफल पेटीत होती, पेटी खाटेखाली. पॅसेजमधून सगळे ताठ चालायचे. घर उंच झाल्यासारखं वाटायचं, आणि थोरलीला ते बघून बरंही वाटायचं आणि वाईटही.

किती आठवडे गेले कुणास ठाऊक. एका सकाळी तिनं पेटी ओढली. का ओढली, ते तिला सांगता आलं नसतं. जाकीट घातलं नाही, सरांना कळवलं नाही. रायफल खांद्याला लावली आणि गाल टेकवला. काळीज धावायला लागलं. लागू दे, म्हणाली ती. ठिपका अजून भिंतीवरच होता, कुणी काढला नव्हता.

तेवढ्यात आई न्हाणीघरातून निघाली, पिळलेल्या कपड्यांची बादली दोन्ही हातांत, ताठ, सवयीनं. थोरलीनं नळी झटकन छताकडं केली. आई पॅसेजच्या मधोमध थांबली. तिनं वर बघितलं, नळीकडं, मग लेकीकडं.

एक शब्द न बोलता आई वाकली. बादली जमिनीला टेकेपर्यंत वाकली, नजर फरशीवर ठेवली, आणि बादली पुढं सरकवत, "आई गं, कंबर" असं पुटपुटत, तशीच ओणवी पलीकडं गेली.